सरकीपाशीची पत्रावळ

"तू तिकडं बस. सरकीपाशी."

छोटे शेठ एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. बोटही दाखवलं नाही. नुसती मान वळवली.

जिनिंगच्या आवारात मुहूर्ताची पंगत बसली होती. हंगामाचा पहिला कापूस काट्यावर चढला की आमच्या नेरकडं रोडग्यांचं जेवण असतं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे विस्तवात, भाजायचे, फोडून त्यात तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. शेतकरी, दलाल, हमाल, गाडीवान सारे एका ओळीत. वर्षातून तेवढं एकदाच. मी पत्रावळीसमोर बसलो होतो. उठलो.

सरकीचा ढीग आवाराच्या टोकाला होता. तिथं एक माणूस आधीच बसलेला. तुळशीराम, जिनिंगचा झाडूवाला. त्याची बोटं आत वळलेली. तरुणपणी त्याला महारोग झाला होता, औषधानं बरा झाला, बोटं तेवढी तशीच राहिली. तो कायम तिथंच जेवायचा. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो.

वाढप्या आला. वाकला नाही. कमरेच्या उंचीवरून दोन रोडगे सोडले. एक पत्रावळीवर पडला, दुसरा घरंगळून सरकीत गेला. मी तो उचलला. झटकला. खाल्ला.

त्याच रोडग्यातल्या गव्हानं माझं अंग सडवलं होतं. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की आज कोणाच्या नजरेत यायचं नाही. लवकर खायचं आणि उठायचं.

सकाळी काय झालं ते सांगायला पाहिजे. मी काटेकरी. वजनात आणि बोलण्यात मागचं पुढं केलेलं मला चालत नाही.

माझा बाप याच जिनिंगात हमाल होता. रुईच्या गठाणी वाहून त्याच्या मानेवर घट्टा पडला होता. आमच्या बौद्ध वस्तीतून काट्यावर उभा राहिलेला मी पहिला. मोठ्या शेठनी, म्हणजे छोट्या शेठच्या वडिलांनी, मला काट्यावर घेतलं ते उपकार म्हणून नाही. माझं वजन चुकत नव्हतं म्हणून. शेतकरी गाडी उभी करून विचारायचे, "काट्यावर कोन हाय?" मी असलो तर बैल सोडायचे.

वजन मोठ्यानं पुकारावं लागतं. पण मुहूर्ताच्या पहिल्या वजनाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. तो पहिला पुकारा काटेकऱ्याचा. त्याच्यासाठी सगळं आवार गप्प होतं. बारा हंगाम तो माझ्या तोंडून निघाला होता. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द शुभ मानून लोक कापसाला हात जोडायचे. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

त्या सकाळी मी पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. आत कोपरं पेटलेली. खाजवायचं नाही असं ठरवून मी कोपर काट्याच्या खांबावर दाबून धरलं. फोड फुटले. बाहीवर रक्त आलं. पहिली गाडी एका पाटलांची होती. त्यांना शेला-नारळ देऊन झाला होता. त्यांनी बाहीकडं पाहिलं.

"शेठ, याच्या अंगाले काय झालं हो? अन् याच्या तोंडून लाभ घेता?"

छोट्या शेठनी मला बाजूला व्हायला सांगितलं. मुनीम पुढं झाला. मुनीमाला पुकारायची सवय नव्हती. त्यानं छाती भरून आरोळी ठोकली, "एक!"

सगळे हसले. मग तो घाईघाईनं "लाभ, लाभ!" म्हणाला. दोनदा.

त्या वर्षी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. भाव पडला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात रोज यायचं. जिनिंगात लोक म्हणायचे, मुहूर्तालाच काट्यावर रक्त सांडलं होतं. मुनीमाच्या 'एक'ची कोणाला आठवण नव्हती. रोजचा काटा मात्र अजून माझ्याकडंच होता.

आता त्या खाजेबद्दल.

दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, खांदे, कुल्ले, डोक्याची मागची बाजू. डावीकडं जेवढं, तेवढंच उजवीकडं. जणू कोणी तोलून वाटलं होतं. आधी आग व्हायची, विंचू चावल्यासारखी. मग मुगाएवढे फोड, एका जागी पाच-सात. खाजवलं की फुटायचे, मगच जरा बरं वाटायचं. मग खपली. खपलीखाली पुन्हा आग. मी रात्री पायांच्या तळव्यांनी भिंत घासायचो. बायको सुमन माझे हात धरून बसायची. मी तिला ढकलायचो.

नेरच्या खासगी डॉक्टरकडं गेलो. खुर्ची रिकामी होती. बस म्हणाला नाही. टेबलापलीकडूनच बघून म्हणाला, "खरूज आहे. तुमच्या लोकांत आंघोळीचा आळसच फार. सगळ्या घराला हे औषध लावा, कपडे उकळा."

मी रोज दोनदा आंघोळ करत होतो. घरात दुसऱ्या कोणाला खाज नव्हती. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं होतं. आम्ही घरी आलो. मायनं, सुमननं, पोरीनं अंगाला औषध चोपडलं. सुमननं चुलीवर कपडे उकळले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वं?" सुमन म्हणाली, "काही नाई." दुसऱ्या दिवसापासून ती बाई हापशीवर आमचा नंबर झाला की हापशीचा दांडा धुऊन मग हांडा भरायला लागली. ती आमच्याच वस्तीतली. आमच्याच समाजाची. पुढं पाटील जे बोलले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

औषधानं खाज गेली नाही. मलमं झाली, कडुलिंब झाला, गोमूत्र सांगितलं ते मी नाकारलं. दोन-तीन वर्षं अशी गेली, आणि मग तो मुहूर्त आला जो मी वर सांगितला.

त्या हिवाळ्यात सुमननं एक दिवस शर्ट धुताना तो पाण्यातच सोडला आणि म्हणाली, "यवतमाळले चला. सरकारीत. नाईतर मी चालली माहेरी."

बसनं गेलो. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. ती बसा म्हणाली. हात बघितले, गुडघे बघितले, मग म्हणाली, दोन्हीकडं सारखं आहे. मी म्हणालो, हो. हे पाहणारी ती पहिलीच. तिनं कोपराजवळची चिमूटभर चामडी तपासायला काढली, रक्त घेतलं. पुन्हा पुन्हा जावं लागलं. शेवटी तिनं सांगितलं, "हा गव्हाचा आजार आहे."

मला वाटलं गव्हाच्या शेतातला. आमच्याकडं ओलीत, पाण्याखालची शेती, नाही, म्हणून गहू नाही.

"खाण्यातला," ती म्हणाली. "गहू तुमच्या आतड्याला चालत नाही. तुमच्या बाबतीत ते कातडीवर दिसतं. कोणाला लागत नाही हा. तुमच्यापासून कोणालाच काही होणार नाही. पोळी, रवा, मैदा, पाव, बिस्कीट बंद. थोडंसुद्धा नाही. जन्मभर. ज्वारी, तांदूळ, तूर चालेल. तोवर ही गोळी. खाज लवकर थांबेल, पण आजार गहू सोडल्यानंच जाईल. आणि रक्त तपासायला यायचं, चुकवायचं नाही."

गोळी घेतली आणि चार दिवसांत खाज थांबली. मी झोपलो. सकाळी उठलो तेव्हा सुमन माझ्याकडं बघत बसली होती. म्हणाली, "हात नाई हालले रात्रभर."

घरी आम्ही मायला सांगितलं. ती चुलीपुढं होती, तव्यावर पोळी. माझ्या लहानपणी आमच्या घरी ज्वारीची भाकर असायची. पोळी सणाला, तीही पाटलांच्या घरची उरलेली, मायच्या पदरातून आलेली. पुढं सगळ्यांनी ज्वारी मोडून कापूस पेरला. रेशनला गहू मिळायला लागला. माय वस्तीत सांगायची, आमच्या घरी आता रोज पोळी होते.

"भाकर?" ती म्हणाली. "भाकरीतूनच त निघालो आपन. पोळीनं कोनाले रोग होते का? त्या लोकाईले काऊन नाई होत?"

मला आजही वाटतं, प्रश्न बरोबर होता.

गोळीचं पाकीट मी शर्टच्या खिशात ठेवायचो. एक दिवस जिनिंगात पाणी पिऊन गोळी घेतली. मुनीमानं पाकीट हातातून ओढलं, उलटंपालटं केलं. त्याचा साळा महारोगाच्या सर्वेक्षणात कामाला होता.

"अबे, ही त महारोगाची गोळी हाय! माह्या साळ्यानं गावोगाव ह्याच वाटल्या."

मी म्हणालो, "डॉक्टरीण म्हणाली, याच गोळीनं हेबी बरं होते. मले तो रोग नाई."

"अस्सं? मंग गोळी चुकून देली का सरकारनं?"

आवारात हसले. कोणीतरी म्हणालं, "काटेकऱ्याचं वजन उतरलं बाप्पा." दुपारी माझा पाण्याचा गिलास माठावरून काढून खिडकीत ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी मला काट्यावरून काढलं. काम सांडलेली सरकी गोळा करायचं. तुळशीरामसोबत.

मी अडकलो होतो. गोळी घेतली तर महारोगी. सोडली तर रक्ताळलेला खरजुला. गहू सोडावा तर घरात रेशनचा गहूच. ज्वारी बाजारात महाग, कारण पेरतंच कोण? आणि कोणाला सांगावं, तर 'गव्हानं खाज येते' हे ऐकून लोक हसायचे. गव्हानं? हा कोण मोठा लागून गेला, गहू न पचणारा?

तुळशीरामपासून मी चार हात लांब झाडायचो. मुद्दाम. आवारातल्या लोकांना दिसावं की आम्ही दोघे वेगळे आहोत. एकदा मी त्याला न विचारता सांगितलं, "मी यवतमाळहून कागद आननार हाय. मले तो रोग नाई, असा."

तो झाडत राहिला. मग म्हणाला, "माह्यापाशीबी हाय कागद. बरा झाल्याचा. पेटीत ठेवला हाय."

"मंग?"

"मंग काय. कागद पाहूनच त मले सरकीपाशी बसवलं."

मला कळलं नाही.

"त्याच्या आंधी गेटाबाहेर बसवत होते," तो म्हणाला आणि हसला. त्याचे दात चांगले होते.

तरीही मी कागद आणला. डॉक्टरणीनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की हा आजार संसर्गजन्य नाही, हा कुष्ठरोग नाही. हंगाम संपला होता. उन्हाळ्यात मी तो कागद घेऊन छोट्या शेठच्या बंगल्यावर गेलो. ओट्याखाली उभा राहिलो. त्यांनी कागद वाचला. माणूस वाईट बोलणारा नव्हता. गोडच बोलायचे.

"मी मानतो रे. पण कागद कोण वाचतो? लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. असं कर. दिवाळीनंतर मुहूर्ताला ये. पंगतीत मधोमध बस, माझ्या समोर. सगळ्यांदेखत रोडगा खा. मी स्वतः वाढीन तुला. मग काटा तुझा, लाभ तुझा. विषय संपला."

"शेठ, रोडगा गव्हाचा असते. मले गहूच चालत नाई. कागदावर हाय तेबी."

"एका रोडग्यानं मरशील का?"

मरणार नव्हतो. हेच तर होतं. मरणार नव्हतो.

वस्तीत माझे मोठेबाबा होते, वडिलांचे मोठे भाऊ. त्यांना सांगितलं तर ते चिडले. "पंगतीत बसाच्यासाठी आमी मार खाल्ला. डोक्शी फुटली आमची. अन् आता तो स्वतः वाढतो म्हनते, त तू नाई म्हनतं? लोक काय म्हनतीन? बौद्धाईले माज आला म्हनतीन."

सुमन हळूच म्हणाली, "गोळी हाय ना. एक रोडगा खा. काटा येईन वापस."

मीही तोच हिशेब करत होतो. एका रोडग्यात किती कणीक, किती दिवस फोड राहतील, पूर्ण बाह्यांखाली ते लपतील की नाही. वजनं टाकून पाहत होतो. पारडं प्रत्येक वेळी काट्याकडंच झुकायचं.

पावसाळा लागला. आमची दीड एकर आहे, कोरडवाहू. सगळीकडं कापूस. मी ज्वारी पेरली. भाऊबंद बांधावर उभे राहून हसले. "काबे, पाखराईची पंगत घालतं का?" बरोबरच बोलले ते. शिवारात एकच ज्वारीचं वावर असलं की साऱ्या गावची पाखरं तिथंच उतरतात. कणसं दुधात आली आणि आभाळ खाली आल्यासारखी पाखरं आली. सुमन आणि मी पाळीपाळीनं मचाणावर. गोफण फिरवून खांदा भरून यायचा. तिथं बसून मी खूप विचार केला. पाखरांचा राग आला नाही. त्यांना त्यांचं अन्न दिसलं होतं, ती आली होती. मला माझं अन्न मिळवायला मात्र एका माणसाची मर्जी, एका कागदाचा शिक्का आणि चारशे लोकांच्या नजरा लागत होत्या.

आणि तुळशीरामचं बोलणं आठवायचं. कागद पाहूनच बसवलं. तो बरा होऊन किती वर्षं झाली होती. त्याच्या पेटीत सरकारी शिक्का होता. तरी तो सरकीपाशी. मग मी माझा कागद घेऊन कुठं पोचणार होतो? आणि माझा कागद दुसरं काय म्हणत होता? एवढंच की, याला इकडं घ्या, हा त्याच्यासारखा नाही. म्हणजे तो तिथं बसतो ते बरोबरच, असं मीच सांगत फिरत होतो. आमच्या बापाला ज्यांनी लांब बसवलं, त्यांचंच मी बोलत होतो, त्यांच्याच शब्दांत.

दिवाळीपर्यंत पाखरांनी खाऊन उरली ती ज्वारी घरात आली. मायनं ती सुपात घेतली. बराच वेळ बोटांनी दाणे फिरवत राहिली. मग जात्यापाशी बसली.

मुहूर्ताच्या दिवशी मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. कोपरांवर काळे डाग होते, ते दिसू दिले. फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. कागद खिशात होता. खरं सांगतो, होता.

पंगतीत मधोमध बसलो. छोटे शेठ खरंच रोडग्यांचं पातेलं घेऊन आले. हसत होते. मी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"रोडगा नको. भाजी वाढा, वरण वाढा. भाकर माही हाय."

फडकं सोडलं.

त्यांचं हसू गेलं. "हे काय? माझ्या पंगतीत तुझ्या घरचं अन्न?"

"गहू चालत नाई मले. सांगतलं होतं."

मागून मुनीम ओरडला, "म्हनजे तोच रोग हाय! अबे, कागद दाखव ना, कागद आनला म्हनतं ना!"

सगळी पंगत थांबली. मुहूर्ताच्या पहिल्या वजनाला व्हायचं तसं आवार गप्प झालं. माझा हात खिशाकडं गेला. सवयीनं गेला. कागद बोटांना लागला. सरकीपाशी तुळशीराम घास हातात धरून आमच्याकडं पाहत होता.

हात मी रिकामा बाहेर काढला.

"कागद नाई दाखवत," मी म्हणालो. "महारोग असता तरी मी इथंच बसलो असतो. तुळशीराम बरा होऊन लय वर्सं झाली. तो काऊन तिकडं बसते, ते सांगा आंधी."

"ऊठ," छोटे शेठ म्हणाले. या वेळी आवाज चढला होता.

"जेवून उठीन."

डाव्या बाजूचा दलाल पत्रावळ घेऊन सरकला. उजव्या बाजूचा गाडीवान उठून गेला. भाजी आली नाही, वरण आलं नाही. मी भाकर मोडली. ठेच्यासोबत खाल्ली. घास कोरडा होता. दोन्ही भाकरी संपवल्या. फडकं झटकलं, घडी केली, मग उठलो. तुळशीराम जागचा हलला नाही. त्याला मी बोलावलं नव्हतं, आणि त्याचं पोट त्या झाडूवर होतं.

काटा गेला. लाभ त्या वर्षीही मुनीमानंच पुकारला. मी आता भाजीबाजारात हमालांच्या काट्यावर वजनं करतो, कमी पैशांत. मोठेबाबा माझ्याशी बोलले नाहीत ते शेवटपर्यंत. पुढच्या मुहूर्ताला तुळशीरामनं आपली पत्रावळ सरकीपासून चार हात पुढं ओढली, असं मी ऐकलं. पाहिलेलं नाही, म्हणून जास्त सांगत नाही.

गोळी पुढं डॉक्टरणीनंच कमी करत बंद केली. अंग साफ आहे. पण मी अर्ध्या बाह्याच घालतो, आणि कोणी त्या डागांबद्दल विचारलं तर रोगाचं नाव सांगत नाही. कागद चुलीत घातला. लग्न असो, तेरवी असो, पुढाऱ्याचं जेवण असो, भाकर बांधून नेतो आणि मधोमध बसतो. वाढायचं तर वाढा. नाही वाढलं तर कोरडी खाईन.

सरकीपाशी बसणार नाही. आणि तिथं दुसरा कोणी बसलेला दिसला, तर विचारल्याशिवाय घास उचलणार नाही.